दाढ दुखत नव्हती

सणसवाडीत कंपन्यांच्या मागच्या बाजूला भाड्याच्या खोल्यांची तीन मजली इमारत आहे. तिच्या तळमजल्यावर म्हाळसाबाई खानावळ चालवत. वरच्या मजल्यांवर सगळे कामगार, कोणी बिहारचा, कोणी लातूरकडचा. पहिली पाळी करून माणूस दुपारी खोलीवर येतो तेव्हा जेवायला परत खाली उतरायचं त्याच्या जिवावर येतं, असं म्हाळसाबाईंचं म्हणणं. म्हणून डबे त्या स्वतः वर नेऊन देत. दोन्ही हातांत पिशव्या, नऊवारीचा काष्टा घट्ट, आणि पायांत चपला न घालता चढायची सवय.

चालण्याची त्यांना कधी भीती वाटली नव्हती. दौंड तालुक्यातल्या खुटबावच्या मेंढपाळाच्या घरात त्या जन्मल्या. लहानपण मेंढरांमागं गेलं आणि लग्न झालं तेही मेंढरंच राखणाऱ्या तात्याबाशी. पुढं चरायला रान उरलं नाही. मेंढरं विकली, आणि पोरगा पप्पू कंपनीत फोर्कलिफ्ट चालवायला लागला तसे सगळे त्याच्यामागं सणसवाडीला आले. हात रिकामे बसेनात म्हणून म्हाळसाबाईंनी खानावळ काढली. वयाची पन्नाशी ओलांडली तरी सुनेच्या, स्वप्नालीच्या, बरोबरीनं त्या पोळ्या लाटत आणि ती दमली की वर तिलाच हसत.

दिवाळी तोंडावर आली तेव्हा त्यांची दाढ दुखायला लागली.

डाव्या बाजूची, खालची. जिना चढताना पहिल्या मजल्याच्या वर गेलं की जबडा आवळून यायचा, कानापासून हनुवटीपर्यंत कोणी दोरी ताणल्यासारखा. घसा भरून यायचा. त्या जरा थांबायच्या की निवायचं. त्यांनी दाढेत लवंग धरली, हळदीच्या गुळण्या केल्या. तात्याबानं कुठूनशी दातांची पावडर आणली. कशानंच फरक पडेना. शेवटी एका दुपारी त्या चौकातल्या दातांच्या डॉक्टरांकडं गेल्या आणि खुर्चीत बसता बसता म्हणाल्या, "काढूनच टाका बाई. रोजची कटकट नको."

डॉक्टर अनुपमांनी दाढ ठोकून पाहिली, गार पाणी लावून पाहिलं, फोटो काढला. दाढ खणखणीत होती.

"मावशी, जेवताना दुखते?"

"न्हाई."

"मग कधी?"

"वर डबं न्यायला लागलं की."

"आणि खाली उतरताना?"

म्हाळसाबाईंनी आठवून पाहिलं. "उतरताना न्हाई बगा. थांबलं का ऱ्हातीच."

डॉक्टरांनी हातातलं अवजार खाली ठेवलं. "ही दाढ मी काढणार नाही. आजच्या आज छातीची पट्टी काढून घ्या. कधी कधी हृदयाचं दुखणं जबड्यात येतं."

म्हाळसाबाई घरी आल्या त्या हसतच. दातांची डॉक्टर, आणि छातीचं सांगते! पण स्वप्नालीला हसू आलं नाही. तिनं पप्पूला रजा टाकायला लावली आणि दुसऱ्याच दिवशी सासूला शिक्रापूरला नेलं. ईसीजी नॉर्मल आला. तिथले डॉक्टर म्हणाले, "ही पट्टी निजलेल्या माणसाची आहे. चालताना काय होतं ते हिच्यात दिसत नाही. शिरूरला पट्ट्यावर चालवून तपासणी करतात, ती करून घ्या. लांबवू नका."

पप्पूच्या कानात एवढं सगळं गेलं, पण राहिला एकच शब्द, नॉर्मल. म्हाळसाबाईंनी तर तो शब्द इमारतभर वाटला. शेजारची अंजना विचारायला आली तिला चहा पाजून सांगितलं, "नारमल हाय. ग्यास झालता."

शिरूरला जायचं मग राहत गेलं. आधी दिवाळी, मग पप्पूची पाळी बदलली, मग म्हाळसाबाईच म्हणाल्या की पुढच्या आठवड्यात बघू. स्वप्नाली मात्र सासूवर नजर ठेवून होती. तिला एक गोष्ट खटकत होती. आत्या जिन्यात फार बोलायला लागल्या होत्या. पूर्वी वर जाऊन डबे ठेवून लगेच खाली येणारी बाई आता मधल्या मजल्यावर उभी राहून कोणाच्या आईची तब्येत विचारायची, कोणाला गावाकडं पाऊस झाला का म्हणून विचारायची. कामगारांना बरं वाटायचं. मौसी मायाळू झाली म्हणायचे.

एका दुपारी स्वप्नाली खाली कणीक मळत होती. वरून सासूचा आवाज आला, "काय रं ब्रिजेश, जेवलास का? आईचा फोन आल्ता का?" उत्तर ऐकू आलं नाही. पुन्हा तोच प्रश्न. स्वप्नालीला एकदम आठवलं की ब्रिजेश सकाळीच गावी गेला होता, जाताना तिलाच सांगून गेला होता. ती पिठाच्या हातांनी जिना चढून वर गेली.

ब्रिजेशच्या दाराला कुलूप होतं. म्हाळसाबाई त्या कुलपासमोर उभ्या होत्या. एक हात कठड्यावर, डबे पायाशी, कपाळावर घाम, आणि दुसरा हात जबड्याखाली दाबून धरलेला. पायांचा आवाज ऐकून त्यांनी परत तोंड उघडलं, "बरी हाय का रं आई..." आणि समोर सून पाहून गप्प झाल्या.

"आत्या, कुणाशी बोलताय?"

म्हाळसाबाई खाली पायरीवर बसल्या. स्वप्नालीही बसली. दोन-तीन मिनिटांत सासूचा चेहरा सैल झाला, पण आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"कवापासनं असं हाय?"

"लई दिवस झालं. आता पयल्याच मजल्याला धरतंय."

"मग सांगितलं का न्हाई?"

म्हाळसाबाईंनी डब्यांच्या पिशव्या जवळ ओढल्या. "पोपटदादाला न्हेला व्हता की पुण्याला. छाती तपासाय. आला का परत?"

पोपटराव त्यांचा खुटबावचा थोरला भाऊ. तीन वर्षांपूर्वी त्याला अचानक दरदरून घाम फुटला, छातीत कळ आली, आणि घरचे लोक त्याला घेऊन निघेपर्यंत दुपारची संध्याकाळ झाली. पुण्यात ऑपरेशनच्या टेबलावरच तो गेला. म्हाळसाबाईंच्या मनात त्या दिवसापासून एकच हिशेब पक्का बसला होता. मशीनखाली घातलेलं माणूस माघारी येत नाही.

त्या दिवशी स्वप्नालीनं सासूशी वाद घातला नाही. डबे तिनं वर नेले. खाली येऊन शिरूरच्या दवाखान्यात फोन लावला आणि सकाळची वेळ घेतली. मग तात्याबाला सांगितलं. तात्याबा उठून दाराबाहेर जाऊन उभा राहिला. बराच वेळ तो तिथंच रस्त्याकडं बघत होता.

शिरूरला जाताना पप्पूनं मित्राची गाडी आणली. खानावळ सांभाळायला तात्याबा मागं राहिला. दवाखान्यातल्या मुलीनं म्हाळसाबाईंच्या छातीवर चिकटपट्ट्या लावल्या, वायरी जोडल्या आणि साडीकडं बघून म्हणाली, "आजी, ड्रेस आणायला हवा होता. यात चालता येईल का?"

"ह्याच्यात घाट उतरलेव मी," म्हाळसाबाई म्हणाल्या. आवाज मात्र बारीक झाला होता.

पट्टा सुरू झाला. सुरुवातीला त्या सहज चालल्या. समोर भिंत, आणि पाय चालताहेत तरी भिंत जवळ येत नाही, याचंच त्यांना नवल वाटत होतं. मग पट्ट्याचा वेग वाढला आणि पुढची बाजू उचलली गेली. चढ लागला. स्वप्नालीला काचेतून सासूची पाठ तेवढी दिसत होती. तिनं ओढणीचं टोक मुठीत धरून ठेवलं होतं.

"काही होतंय का मावशी?" डॉक्टरांनी विचारलं.

"न्हाई."

"दम? छातीत जड?"

"काय न्हाई."

डॉक्टर त्यांच्याकडं बघतच नव्हते, पडद्याकडं बघत होते. तिथली रेघ ओझ्याखाली दबल्यासारखी खाली वाकत चालली होती. "पट्टा थांबव," ते त्या मुलीला म्हणाले. "लगेच झोपवा त्यांना."

"मी आजून चालती की," म्हाळसाबाई म्हणाल्या, पण पट्टा थांबताच त्यांचा हात आपसूक जबड्याकडं गेला. "दुखतंय ना?" डॉक्टरांनी हळू विचारलं. त्यांनी मान हलवली आणि डोळ्यांवर पदर घेतला.

दुखणं ओसरल्यावर डॉक्टरांनी तिघांना समोर बसवलं.

"हृदय सगळ्या अंगाला रक्त पुरवतं. पण त्या हृदयालाही रक्त लागतं, आणि ते त्याच्या अंगावरून जाणाऱ्या तीन बारीक नळ्यांतून मिळतं. तुमची एखादी नळी आतून चरबी साठून अरुंद झालेली दिसते. तुम्ही बसलेल्या असता तेव्हा येतं तेवढं रक्त पुरतं. चढायला लागलात की हृदयाला जास्त पाहिजे, आणि नळीतून तेवढं येत नाही. मग कळ येते."

"मंग कळ दाढंत कशी?" पप्पूनं विचारलं.

"हृदयाच्या आणि जबड्याच्या नसा मेंदूकडं जाताना एकत्र होतात. कळ कुठून आली हे मेंदूला नीट उमगत नाही. कोणाच्या हातात येते, कोणाच्या पाठीत. बायकांमध्ये असं जास्त होतं, छातीत दुखतच नाही कधी कधी, नुसती धाप लागते, मळमळतं. म्हणून त्या दुखणं अंगावर काढतात."

म्हाळसाबाई इतका वेळ खाली बघत होत्या. त्या म्हणाल्या, "गॅसच्या नळीवानी हाय म्हना की."

"म्हणजे?"

"नळीत कचरा बसला का बारीक शेगडी नीट पेटती. चा व्हतो. पर भाकरीची मोठी शेगडी लावली का जाळ पडतो. सिलेंडर भरल्याला आसला तरीबी."

"अगदी तसंच," डॉक्टर म्हणाले. मग ते गंभीर झाले. "पण एक गोष्ट वेगळी आहे. इथं जाळ फार वेळ पडला तर हृदयाचा तेवढा भाग मरतो, आणि मेलेला भाग परत जिवंत होत नाही. त्यालाच अटॅक म्हणतात. तुमचा अजून झालेला नाही. रेघ इतक्या लवकर बिघडली म्हणून मला काळजी वाटते. इथूनच पुण्याला जा. घरी जाऊन उद्या जाऊ, असं करू नका."

त्यांनी एक गोळी तिथंच चघळायला दिली आणि जिभेखाली ठेवायच्या गोळ्या स्वप्नालीच्या हातात दिल्या. "दुखलं तर बसवायचं आणि एक जिभेखाली. पाच मिनिटांत थांबलं नाही तर एकशे आठला फोन, आणि जवळ जे मोठं हॉस्पिटल असेल तिथं."

शिरूरहून पुण्याचा रस्ता सणसवाडीवरूनच जातो. रांजणगाव मागं पडलं, शिक्रापूर आलं. म्हाळसाबाई म्हणाल्या, "घरी जरा थांबू. सांजच्या पोळ्या ऱ्हायल्यात. पोरं उपाशी झोपतील."

"न्हाई थांबायचं," स्वप्नाली म्हणाली. लग्न होऊन आल्यापासून ती सासूला असं कधी तोडून बोलली नव्हती.

चौकात तात्याबा उभा होता. फोनवर सांगितल्याप्रमाणं तो रस्त्याच्या कडेला येऊन थांबला होता, हातात कपड्यांची पिशवी. गाडीत बसता बसता त्यानं बायकोला सांगितलं, "पोळ्या अंजना करतीय. कणीक मीच मळून ठिवली."

म्हाळसाबाईंनी त्याच्या हातांकडं बघितलं. बोटांच्या पेरांत पीठ वाळलेलं होतं.

कोरेगाव भीमाचा पूल ओलांडला, लोणीकंद गेलं, आणि वाघोलीच्या अलीकडं गाड्या थांबल्या. पुढं ट्रक, मागं ट्रक, बाजूला कंपनीच्या बसगाड्या. पप्पू स्टिअरिंगवर बोटं आपटत होता. तेवढ्यात मागच्या सीटवरून म्हाळसाबाई अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "स्वप्ना, दाढ."

स्वप्नाली वळली. सासू टेकून बसलेली, चेहरा राखेसारखा.

"बसल्या बसल्या?"

"व्हय."

आतापर्यंत दुखणं चालताना यायचं आणि थांबलं की जायचं. आता थांबण्यासारखं काही नव्हतं. स्वप्नालीनं पाकिटातून गोळी काढली. "जिभेखाली ठेवा. गिळू नका. आत्या, माझ्याकडं बघा." तिनं मोबाइलवरचं घड्याळ समोर धरलं. पप्पूनं एकशे आठला फोन लावला. पलीकडची बाई ठिकाण विचारत होती आणि त्याला कुठल्या दुकानासमोर आहोत तेही सांगता येईना.

तात्याबा गाडीतून उतरला. मेंढरं होती तेव्हा हाच रस्ता तो कळप घेऊन ओलांडायचा, दोन्ही हात पसरून गाड्यांपुढं उभा राहायचा. तसेच हात पसरून तो समोरच्या ट्रकपाशी गेला. "बाई मरतीय माझी," तो ड्रायव्हरच्या खिडकीशी ओरडला. "भाऊ, थोडा बाजू लो!" ड्रायव्हरनं खाली वाकून मागं पाहिलं आणि ट्रक कडेला घेतला. पुढची बस सरकली. तात्याबा टोपी हातात घेऊन धावत पुढं, फोन सोडून पप्पूनं काढलेली गाडी त्याच्यामागं रांगत. साठीच्या पुढचा माणूस, धापा टाकत होता, पण थांबत नव्हता.

"कमी व्हतंय," म्हाळसाबाई म्हणाल्या.

"खरं सांगा."

"खरंच. डोस्कं ठणकाय लागलंय पर दाढ उतरली."

स्वप्नालीनं घड्याळ पाहिलं. पाच मिनिटं व्हायची होती. गोळीनं डोकं ठणकतं, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. तरी तिला रडू फुटलं. म्हाळसाबाईंनी तिचं डोकं आपल्या खांद्यावर ओढून घेतलं आणि काचेतून पुढं पळणाऱ्या नवऱ्याकडं बघत राहिल्या. "त्यास्नी आत घे रं," त्या पप्पूला म्हणाल्या. "त्यांचंच काय व्हऊन बसायचं."

पुण्याच्या हॉस्पिटलात त्यांना थेट आत नेलं. रक्त घेतलं, पुन्हा पट्टी काढली. अटॅक आलेला नव्हता, पण तो दारात येऊन उभा असल्यासारखंच होतं, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मनगटातून बारीक नळी घालून अँजिओग्राफी केली. म्हाळसाबाईंना वाटलं होतं छाती उघडणार. त्या जाग्या होत्या. समोरच्या पडद्यावर त्यांच्याच हृदयावरच्या नळ्या पानं गळालेल्या बाभळीच्या फांद्यांसारख्या दिसत होत्या, ठोक्यागणिक हलत होत्या. एका जागी फांदी इतकी बारीक झाली होती की पुढं ती आहे की नाही तेच कळेना.

"ते का?" त्यांनी विचारलं.

"तेच," डॉक्टर म्हणाले. "आता ते उघडायचं."

नळीतून आत नेलेला बारीक फुगा फुगवला तेव्हा तीच ओळखीची कळ जबड्यात आली आणि त्या घाबरल्या. डॉक्टर म्हणाले, थोडा वेळ, आता जाईल. ती गेली. त्या जागी जाळीदार स्प्रिंग बसली आणि आत सोडलेल्या औषधानं पडद्यावर ती फांदी टोकापर्यंत काळी भरून आली. बाहेर तात्याबा भिंतीला टेकून उकिडवा बसला होता. पप्पू येऊन "झालं आबा" म्हणाला तरी तो उठला नाही. "परत आली का?" एवढंच विचारलं. दोनदा सांगावं लागलं त्याला.

घरी आल्यावर खुटबावहून पोपटरावांची बायको, सिंधूबाई, भेटायला आली. तिनं नणंदेच्या मनगटावरची काळीनिळी खूण निरखून पाहिली, सगळी हकीकत ऐकली. मग म्हणाली, "त्येंच्याबी डाव्या खांद्यात यायचं. वैरणीचा भारा उचलला का. बांधावर बसायचं जरा. मी म्हनायची, चुना-हळद लावा."

सिंधूबाई विचारत होती की सांगत होती, ते म्हाळसाबाईंना कळेना. "किती दिवस यायचं?" त्यांनी विचारलं.

"उन्हाळाभर."

स्वप्नालीनं केलेला चहा गार झाला. जाताना सिंधूबाई म्हणाली, "माज्या थोरल्यालाबी सांगती तपासून घ्यायला." आणि तिनं त्याच आठवड्यात ते खरं केलं. पोराचं सगळं ठीक निघालं, रक्तातली चरबी तेवढी वाढलेली होती.

खानावळ चालू आहे. डबे आता वर जात नाहीत, कामगार खाली येऊन जेवतात. ब्रिजेशनं गावाहून आल्यावर पुढाकार घेऊन खानावळीबाहेर एक लांब बाक ठोकून दिला. म्हाळसाबाई सकाळी स्वप्नालीबरोबर चालायला जातात, मीठ-तेल हात राखून खातात आणि तात्याबाची तंबाखू त्यांनी घरातून हद्दपार केली आहे. दुसऱ्या एका नळीत निम्म्याच्या आसपास अडथळा आहे. तो सध्या गोळ्यांवर ठेवायचा, असं डॉक्टर म्हणतात. हे 'सध्या' त्यांना आवडत नाही.

भीती काही गेलेली नाही. ढेकर अडकला तरी हात कमरेच्या पिशवीकडं जातो, तिथं त्या गोळ्या असतात. मागं एकदा वारं सुटलेलं असताना भरल्या पोटी त्या दुकानापर्यंत भरभर चालत गेल्या आणि मध्येच थबकल्या. जबड्याला हात लावून उभ्या राहिल्या. काहीच होत नव्हतं. तरी त्या थोडा वेळ तशाच थांबल्या. दुकानदारानं लांबून हाक मारली, "मावशी, काय झालं?"

"काय न्हाई," त्या म्हणाल्या. मग त्यांना आपलंच बोलणं ऐकू आलं असावं. त्या दोन पावलं पुढं आल्या आणि स्पष्ट आवाजात म्हणाल्या, "खरंच काय न्हाई. दुखलं आस्तं तर सांगितलं आस्तं."